वळणावरच्या फांद्या

एस.टी.त कंडक्टर म्हणून लागलो तेव्हा माझी पहिली नेमणूक आलापल्ली–भामरागड रस्त्यावरच्या गाडीवर झाली. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. मी चंद्रपूरजवळच्या मूल गावाकडचा, धानाच्या बांध्यांमध्ये वाढलेला. जंगल पाहिलेलं नव्हतं असं नाही. मूलहून चंद्रपूरला जाताना दोन्ही बाजूंना जंगलच लागतं. पण ते खिडकीतून मागे पळणारं जंगल. भामरागडकडे गाडी जंगलातून जात नसे, जंगलात शिरत असे. दोन्ही बाजूंच्या फांद्या टपाला घासत, बांबूची पानं खिडकीतून मांडीवर पडत, आणि एखादं गाव आलं हे फक्त रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांवरून कळे. पावसाळ्यात नाले चढले की गाडी बंद. उरलेल्या दिवसांत सकाळी निघायची आणि दिवस मावळायच्या सुमारास परतायची.

गाडीचे ड्रायव्हर भद्रावतीचे होते. पन्नाशीकडे झुकलेले, अंगाने वाळके, तोंडात कायम खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. मी त्यांना भाऊ म्हणायचो. स्वभाव तिरसट. कुणी दारात टोपली ठेवली, कुणी दांड्याला कोंबड्या लटकवल्या की मागे न पाहताच ओरडायचे. चहा कधी कुणाला पाजला नाही. पहिल्या आठवड्यात माझं त्यांच्याशी कामापलीकडे बोलणं झालं नाही.

वाटेत एक मोठा चढ होता. तिथले माडिया लोक त्याला मेट्टा म्हणत, म्हणजे डोंगर. चढ संपता संपता एक आंधळं वळण होतं. रस्ता काढताना तिथे डोंगराची एक कड कापली होती आणि आतली पांढरट, खारट माती उघडी पडली होती. ती चाटायला जनावरं येत. चितळं, सांबर, आणि सगळ्यात जास्त रानगवे. एका अंगाने उतरायचे, माती चाटायचे आणि रस्ता ओलांडून खालच्या नाल्यावर पाण्याला जायचे. परतीच्या फेरीत आमची गाडी तिथे पोचायची ती नेमकी त्यांची वेळ.

पहिल्यांदा भाऊंनी वळणाच्या अलीकडेच गाडी थांबवून इंजिन बंद केलं, तेव्हा मला वाटलं बिघाड झाला. मी पुढे गेलो.

"गाडी काऊन थांबवली, भाऊ?"

त्यांनी नुसतं हनुवटीने पुढे दाखवलं. रस्त्याच्या मधोमध एक गवी उभी होती. काळी, खांद्यावर उंचवटा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. तिच्या मागे तांबूस रंगाचं पिल्लू.

"हॉर्न मारा ना. उशीर होऊन राह्यला."

"हॉर्न मारला का पिल्लू बावरते," भाऊ हळूच म्हणाले. "थे मागं पलटते, माय पुढं निघून जाते, अन् दोघांच्या मधात आपली गाडी. मंग माय काय करते थे तू पाह्यलं नाई अजून. बस गुपचूप."

गाडीत बसलेले माडिया बाप्ये-बाया आधीच गप्प झाले होते. कुणी मान बाहेर काढली नाही. फक्त एक बाहेरगावचा मास्तर घड्याळ पाहत होता. कळप गेला, झाडीतला आवाज थांबला, तेव्हा भाऊंनी इंजिन चालू केलं आणि लगेच मला तिकिटांच्या हिशोबावरून टोचून बोलायला सुरुवात केली.

मी घरी गेलो तेव्हा वडिलांना हे सांगितलं. आमच्या वडिलांनी मी जन्मायच्या आधीच धम्मदीक्षा घेतलेली. पंचशील घरात सगळ्यांना पाठ. प्राण्याला मारू नये हे पहिलंच वाक्य. तरी सणावाराला कोंबडं शिजतच असे. वडील म्हणाले, "तुया ड्रायव्हर बरा माणूस दिसते. त्याच्या हाताखाली टिकून राह्य." मला तेव्हा ते फारसं पटलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात रस्ता रुंद करायला घेतला आणि सागाचे, बांबूचे ट्रक वाढले. आधी दिवसातून एखादा दिसायचा. आता ओळीने येऊ लागले. संध्याकाळी निघायचे, उतारावर गिअर काढून सोडून द्यायचे. चितळ दिव्यासमोर आलं की हलत नाही, जागीच खिळून राहतं. हे सगळ्यांना माहीत होतं. काही ड्रायव्हर ते चुकवायला पाहत. काही मात्र मुद्दाम अंगावर घालत, कारण पुढच्या ढाब्यावर मटण शिजवून मिळे. आम्ही सकाळी जायचो तेव्हा रस्त्यावर रक्ताचा डाग आणि टायरच्या खुणा असायच्या, चितळ नसायचं. जे खाण्यासारखं नसे ते तिथेच पडून राही. एकदा माकडीण पडली होती आणि तिला चिकटलेलं पिल्लू जिवंत होतं. भाऊंनी ते सोडवायचा प्रयत्न केला. ते सुटेना. वरच्या फांदीवर बाकीची टोळी ओरडत होती. शेवटी त्यांनी आईला पिल्लासकट उचलून झाडाखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोघंही तिथे नव्हती. कुणी नेलं ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

भाऊंनी गाडीत एक दोर आणि लोखंडी आकडा ठेवला होता. रस्त्यात काही मेलेलं दिसलं की गाडी थांबवून उतरायचे, आकडा अडकवायचा आणि ओढत झाडीत न्यायचं. मी आधी गाडीतच बसून राहायचो. एकदा एक सांबर पडलं होतं, त्यांच्याने एकट्याने हलेना, तेव्हा उतरलो. त्यानंतर उतरतच गेलो. हाताला वास लागायचा, तो तिकिटांच्या गठ्ठ्यालाही लागायचा.

"मेलं थे मेलं, भाऊ. आता हलवून काय?" मी विचारलं.

"रस्त्यावर पडून राह्यलं का गिधाडं उतरतेत. कोल्हे येतेत. थे खाण्यात गुंग रायतेत अन् दुसरा ट्रक त्यायले चेंदते. मंग त्यायच्यावर आणखी येतेत." त्यांनी आकडा मातीत खुपसून पुसला. "हे सरतच नाई, पोट्ट्या."

गाडी उशिरा पोचते म्हणून तक्रारी गेल्या. आगारातल्या साहेबांनी दोघांनाही बोलावून समज दिली. भाऊ हो म्हणाले आणि दोर-आकडा गाडीतच राहिला.

वळणाच्या खाली, नाल्यापलीकडे, माडियांचं एक लहानसं गाव होतं. तिथला एक म्हातारा आणि त्याची सून बाजाराच्या दिवशी आमच्या गाडीत बसत. कधी चारोळी, कधी चिंच, कधी झाडू असं काहीतरी घेऊन. म्हाताऱ्याला मराठी थोडीच येई. सून आश्रमशाळेत शिकलेली, ती चांगलं बोले. तिचा नवरा साप चावून गेला होता. सासरा आणि सून असं दोघांचंच घर. भाऊ त्या म्हाताऱ्याला बाबा म्हणायचे आणि दारातल्या टोपलीवरून फक्त त्याच्यावर ओरडत नसत.

फांद्यांची गोष्ट अगदी साधेपणाने सुरू झाली. एके दिवशी परतताना वळणाजवळच गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. सगळीकडे करतात तसं आम्ही गाडीच्या पुढे-मागे दूरवर झाडाच्या हिरव्या फांद्या आणि दगड मांडले, म्हणजे येणाऱ्या गाड्यांना कळावं. गावातली माणसं मदतीला आली, त्यात तो म्हाताराही होता. आम्ही तिथे बराच वेळ अडकून होतो. ट्रक आले. फांद्या दिसल्या की वेग उतरायचा, पुढे काय आहे ते पाहत हळूहळू वळण घ्यायचे आणि निघून जायचे. दोन ट्रकांच्या मधल्या शांततेत गव्यांचा कळप वरून उतरला आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावरून रस्ता ओलांडून गेला. भाऊ गाडीखालून बाहेर आले, हात पुसत त्या फांद्यांकडे पाहत राहिले.

"बाबा," ते म्हाताऱ्याला म्हणाले, "रोज सांजच्याले अशा फांद्या टाकता येईन का इथी? सकारी काढून घ्याच्या."

सुनेने ते माडियात सांगितलं.  म्हाताऱ्याने मान डोलावली.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही आलो तर वळणाच्या दोन्ही बाजूंना फांद्या होत्या. तिसऱ्या संध्याकाळीही होत्या. मग रोजच. कधी म्हातारा टाकायचा, कधी सून. सकाळी आम्ही जायचो तेव्हा रस्ता साफ असायचा. आणि खरंच, त्या हिवाळ्याच्या उरलेल्या दिवसांत आम्हाला वळणावर मेलेलं जनावर दिसलं नाही. रस्त्यावर इतरत्र दिसत होतं, वळणावर नाही. भाऊ चढ चढून वर आले की गाडी हळू करायचे, फांद्या पाहायचे आणि समाधानाने खर्र्याची पिचकारी टाकायचे. त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाला नाही, पण म्हाताऱ्याच्या सुनेला त्यांनी एकदा चहा पाजला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ट्रकवाल्यांना हळूहळू कळलं की पुढे बिघडलेली गाडी वगैरे काही नसते. बरेचजण सवयीने हळू होतच राहिले. पण उशीर म्हणजे फेरी कमी. एका लाकूड ठेकेदाराचा मुनीम बाजाराच्या दिवशी आमच्या गाडीजवळ आला. अंगात पांढरा सदरा, बोलणं गोड.

"ड्रायव्हर साहेब, थो बुढा तुमच्या ओळखीचा हाय म्हणतेत. त्याले सांगा, रस्ता सरकारचा हाय. उद्या कोनी म्हणन का हे जंगलवाल्यायचं काम हाय, मंग लयच कठीण जाईन."

"जंगलवाले कशाले फांद्या टाकतीन?" भाऊ म्हणाले. "त्यायले झाड पाडता येत नाई का?"

मुनीम हसला आणि गेला.

त्या काळात नदीपलीकडून बंदूकवाले गट या बाजूला येऊ लागले होते. गावातले लोक त्यांचं नावही मोठ्याने घेत नसत, नुसतं जंगलवाले म्हणत. कुठे रस्त्यावर झाड आडवं पडलेलं सापडे, कुठे ट्रक जळाल्याचं ऐकू येई. पोलिसांच्या नव्या चौक्या बसल्या होत्या आणि चौकीतली पोरं आमच्यासारखीच दूरदूरच्या गावांतून आलेली, घाबरलेली होती.  हे सगळं आम्हाला दिसत होतं. पण फांद्यांचा आणि याचा संबंध कुणी लावील हे मला तरी मुनिमाच्या बोलण्यानंतरही खरं वाटलं नव्हतं.

उन्हाळा लागला होता. मोहाची फुलं पडू लागली होती. एका सकाळी आम्ही वळण उतरून गावापाशी आलो तर म्हाताऱ्याची सून रस्त्याच्या मधोमध उभी होती. भाऊंनी ब्रेक दाबला. ती दारापाशी आली. ती रडत नव्हती.

"बाबाले नेलं," ती म्हणाली. "काल सांजच्याले, तुमची गाडी गेल्यावर. आणखी फांद्या तोडत होते तवा."

"कोनी नेलं?"

"पोलिसायनं. जीपमधी टाकून. मी मागं धावली. मले ढकललं."

"काय म्हणत होते?"

"रस्ता कोनासाठी अडवतो, कोन सांगते, असं पुसत होते. बाबाले समजून नाई राह्यलं. थे गव्याचं नाव घेत होते माडियात. पोलिसायले वाटलं का कोन्या मानसाचं नाव सांगून राह्यले."

भाऊंनी तिला गाडीत घेतलं. तिने तिकिटाच्या पैशांसाठी पदराच्या गाठीला हात घातला तेव्हा मी मानेनेच नको म्हटलं. चौकी वाटेवरच होती. भाऊंनी गाडी चौकीसमोर लावली, प्रवाशांकडे वळून म्हणाले, "ज्याले घाई हाय त्यानं पायी जावा." कुणी उतरलं नाही.

आम्ही तिघं आत गेलो. चौकी म्हणजे वाळूच्या पोत्यांआड एक पडवी आणि दोन खोल्या. फौजदार तरुण होता, पुण्यासाताऱ्याकडचा असावा, बोलण्यावरून. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. म्हातारा पडवीच्या टोकाला भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या उजव्या कानातून मानेपर्यंत रक्त वाळलेलं होतं. एक हात त्याने मांडीवर पालथा ठेवला होता आणि मनगट सुजून मडक्याच्या काठासारखं झालं होतं. सून त्याच्याकडे निघाली तेव्हा शिपायाने बंदूक आडवी धरली. तिने खाली बसून तिथूनच त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. त्याने मान वर केली नाही. त्याला ऐकू येत नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं.

"साहेब," भाऊ म्हणाले, "फांद्या टाकाले मी सांगतलं होतं त्याले."

फौजदाराने त्यांच्या खाकी कपड्यांकडे पाहिलं. "तुम्ही? कशासाठी?"

"तिथी जनावरं रस्ता पार करतेत. गवे, चितळं. ट्रकखाली मरून राह्यले होते. फांद्या पाह्यल्या का गाड्या हळू होतेत. बस, येवढंच हाय जी."

"गव्यांसाठी."

"हो जी."

फौजदार हसला नाही. तो माझ्याकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं हे?"

मी हो म्हणालो. पाटा तुटल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. 

"मुनीम म्हणतो त्याहून वेगळं सांगताय तुम्ही," तो म्हणाला. मग खुर्चीवरून उठून पोत्यांपाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून बोलू लागला. "मी इथे यायच्या आधी दुसऱ्या चौकीवर होतो. एका वळणावर फांद्या दिसल्या. आमच्या ड्रायव्हरला वाटलं पुढे गाडी बिघडली असेल. त्याने वेग कमी केला. तेवढंच पुरलं त्यांना. तो माझ्या शेजारी बसला होता. अजून चार दिवसांनी त्याच्या मुलीचं लग्न होतं." तो वळला. "आता मला सांगा, रस्त्यावर फांदी दिसली की माझ्या माणसांनी काय समजायचं? गवे आलेत असं?"

भाऊंनी म्हाताऱ्याकडे हात केला. 

"म्हातारा तर गुन्हेगार नाई ना, साहेब," ते म्हणाले. "मारायचं होतं त मले मारा."

"मारलं ते मी नव्हतो तेव्हा," फौजदार म्हणाला. मग जरा थांबून, "पण असतो तर थांबवलं असतं की नाही, ते मला सांगता येत नाही."

आमचे जबाब घेतले. म्हाताऱ्याला त्या दिवशी सोडलं नाही. वरून विचारावं लागेल म्हणाले. सून चौकीसमोरच्या बेहड्याच्या झाडाखाली बसून राहिली. आम्ही जाताना-येताना तिला पाहायचो. भाऊ गाडी थांबवून तिच्यापाशी भाकरीचं फडकं ठेवायचे. ती त्यांच्याकडे पाहायची नाही. पुढच्या बाजाराच्या आधी म्हाताऱ्याला सोडलं. तो आमच्या गाडीत बसला नाही. सुनेचा हात धरून जंगलातल्या वाटेने गेला, असं चौकीतल्या शिपायाने सांगितलं.

महिन्याभरात भाऊंची बदली झाली. सरकारी रस्त्यावर अडथळा आणायला लोकांना चिथावलं, असा ठपका. मला फक्त ताकीद मिळाली. त्यांना त्यांच्याच गावाकडे, भद्रावतीला टाकलं. कारखान्याच्या वसाहतीतून चंद्रपूरला कामगार आणायचे-न्यायचे. लोकांनी म्हटलं, शिक्षा कसली, घरी जायला मिळालं. जाताना त्यांनी गाडीतून दोर आणि आकडा काढून माझ्याकडे दिला नाही. मी मागितलाही नाही. त्यांनी तो सोबत नेला. भद्रावतीला त्याचं काय काम होतं, कोण जाणे.

नवीन ड्रायव्हर वाईट नव्हता, वेळेचा पक्का होता. पावसाळा गेला, गाडी पुन्हा सुरू झाली. वळणावर फांद्या नव्हत्या. मी नव्या ड्रायव्हरला सांगायचो, इथी जरा हळू घ्या. तो कधी घ्यायचा, कधी विसरायचा.

थंडी पडू लागली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी आम्ही वर चढत होतो आणि वळणाच्या अलीकडे रस्त्यावर काच पसरलेली दिसली. बांबूचा एक ट्रक डोंगराच्या कापलेल्या कडेवर नाक घालून उभा होता, बांबू सुटून रस्ताभर पसरलेले. ट्रकच्या समोर गवी पडली होती. मागचे पाय मोडलेले होते, ती मेलेली नव्हती. पुढच्या पायांवर उठायची, धाप टाकायची आणि पुन्हा बसायची. नाकातून लाल फेस येत होता. ती पाहून गाडीतल्या बाया तोंडाला पदर लावून बसल्या. जवळ जायची कुणाची हिंमत नव्हती आणि मारायला आमच्याकडे काही नव्हतं. पिल्लू होतं का ते मला माहीत नाही. झाडीत काहीतरी हलत होतं.

ट्रकचा ड्रायव्हर केबिनमध्ये अडकला होता. स्टिअरिंग छातीवर आलं होतं. आम्ही, म्हणजे मी, आमचा ड्रायव्हर आणि चार-पाच प्रवासी, बांबूच्या पहारी करून त्याला बाहेर काढलं. त्याला आमच्या गाडीत मागच्या बाकावर आडवं केलं. हेमलकशाला दवाखाना होता, बांबू बाजूला सारून तिथे नेऊ असं ठरलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माणूस तिशीतला होता, नागपूरकडचा. हिंदीत बोलत होता.

"वहाँ डाली रहती थी," तो म्हणाला.

"बात मत करो," मी म्हणालो.

"डाली रहती थी ना, मोड़ पे. मैं डाली देख के गिअर डालता था. बहुत दिन हुए, इधर आया नहीं था. मैं सोचा, आगे होगी. आगे होगी." त्याला खोकला आला आणि माझ्या शर्टवर रक्त उडालं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच म्हटलं. दवाखान्यात पोचेपर्यंत तो तेच म्हणत होता. तिथल्या लोकांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. परतीच्या फेरीला आम्ही चौकशी केली तेव्हा तो गेला होता.

गवीही तोपर्यंत मेली होती. तिला हलवायला कुणी नव्हतं. गावातली माणसं रस्त्याच्या जवळ फिरकत नव्हती. गिधाडं उतरली होती, इतकी की ट्रकचं टप काळं दिसत होतं. आमची गाडी बाजूच्या चिखलातून काढावी लागली. चाकाखाली एक गिधाड आलं. नवा ड्रायव्हर खाली पाहून म्हणाला, "हे बाजूले होऊन नाई राह्यले, मी काय करू?"

हे सगळं मी भाऊंना चंद्रपूरच्या स्टँडवर भेटल्यावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ट्रकवाल्याचं शेवटचं बोलणं सांगितलं तेव्हा ते उठून नळावर गेले, तोंड धुतलं आणि परत येऊन म्हणाले, "मले तिथी घेऊन चाल."

उन्हाळ्यात ते रजा काढून आले. माझी साप्ताहिक सुट्टी होती. आम्ही दोघं प्रवासी म्हणून त्याच गाडीत बसलो आणि वळणाखाली उतरलो. नाला कोरडा होता. गावात कुत्री भुंकली, पोरं पळाली. म्हातारा अंगणात बांबूच्या खाटेवर बसला होता. मनगट वाकडंच जुळलं होतं. सुनेने आम्हाला ओळखलं, आत जाऊन पानाच्या द्रोणात जावा आणला, तांदळाची पातळ आंबील.

भाऊ खाली जमिनीवर बसले.  मग म्हणाले, "बाबा, मी सांगतलं म्हणून तुमाले मार बसला. कान गेला. मी येऊन सांगाचं राह्यलं होतं. चूक मायी हाय."

सून म्हाताऱ्याच्या डाव्या कानापाशी तोंड नेऊन, मोठ्याने, थांबत थांबत ते सांगू लागली. म्हातारा भाऊंच्या चेहऱ्याकडे पाहत होता. मग तो बोलला. ज्याला ऐकू येत नाही तो बोलतो तसं, फार मोठ्याने. कुत्री पुन्हा भुंकायला लागली.

"काय म्हणते?" भाऊंनी विचारलं.

"म्हणते, फांद्या टाकाचं तुमी सांगतलं," सून म्हणाली. "गव्याले वाट द्याचं तुमी नाई सांगतलं. आमच्या कुळात गवा मारत नाई. त्याले वाट देतेत. थे पयलेपासून हाय. थे तुमच्यावर कशाले घेता, म्हणते."

भाऊंनी द्रोण खाली ठेवला. "मंग आता?"

हे तिने म्हाताऱ्याला सांगितलं नाही. तिनेच उत्तर दिलं.

"आता नाई. मी जाऊ देत नाई त्यायले रस्त्यावर. आणखी एक बार नेलं त थे वापस येनार नाई. मग मी एकटी. तुमी रागावू नका, भाऊ. पण तुमी पुन्हा त्यायले सांगू नका."

"नाई सांगत, बाई," भाऊ म्हणाले.

"जावा पिऊन घ्या. थंडा होते."

त्यांनी द्रोण उचलला आणि पूर्ण प्यायला. म्हाताऱ्याने त्यांना तंबाखू दिली, त्यांनी त्याला खर्रा दिला. खर्रा तोंडात टाकून म्हाताऱ्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि सून हसली, एवढ्यापुरतीच.  मोहाच्या झाडावर कुठला तरी पक्षी ओरडत होता. परतीच्या गाडीची वेळ झाली तसे आम्ही उठलो.

सून आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. म्हातारा नाला ओलांडून झाडीच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. मी हाताने खूण केली, या म्हणून. तो हलला नाही. वरून ट्रकचा आवाज आला, तसा तो दोन पावलं मागे सरून एका सागाच्या बुंध्याआड गेला. आवाज त्याला ऐकू येत नव्हता. त्याने सुनेला मान वळवताना पाहिलं असावं. ट्रक गेला. धूळ बसली. आमची गाडी आली आणि आम्ही चढलो.